बिनघरचे टाक

लहानपणी माझी आई मला अक्काच्या गळ्यात दिसे. काळ्या दोऱ्यात ओवलेला, जुन्या रुपयाएवढा चांदीचा टाक. त्यावर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, दोन्ही हात पोटाशी, पायापाशी दोन फुलं. नाक म्हणजे एक ठिपका, डोळे म्हणजे दोन. मी अगदी लहान असताना आई बाळंतपणात गेली, आणि वर्ष उलटायच्या आत माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, शिंदखेड्याकडची अक्का लग्न करून आणली. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्यातली रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग अंगाला. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा, मग आपल्या तोंडात. असं केलं की गेलेली रागावत नाही, नवीच्या संसारात आडवी येत नाही, असं सगळे धरून चालत. मी अक्काला आई म्हणू लागले तेव्हा नानांच्या विधवा बहिणीनं, जीजीनं, तिच्या गळ्याकडे बोट करून मला सांगितलं होतं, "तुनी माय तठे शे. हाई अक्का शे." तेव्हापासून ती अक्का.

नानांचा धंदाच टाक बनवण्याचा. जळगावच्या सराफ बाजारामागच्या बोळात आमचं दुकान, आणि दुकानामागे दोन खोल्या. लोक देवघरासाठी खंडोबाचे, भवानीचे, घरातल्या वीरांचे टाक करून घ्यायला येत. चांदीची पट्टी तापवायची, ठोकायची, परत तापवायची, असं करत करत ती पिंपळाच्या वाळक्या पानाएवढी पातळ झाली की पितळी ठशावर ठेवायची, वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीचा एक नेमका घाव. पुढून देव उठून येई, मागून तोच देव खोलगट. मागच्या पोकळीत लाख भरून तांब्याची पाठ लावली की टाक तयार. त्या घावाआधी नाना श्वास रोखत, म्हणून आम्ही सगळेच रोखत असू. गेलेल्या बायकांसाठी त्यांच्याकडे ठसा एकच होता, पदर घेतलेल्या बाईचा. आईचा टाकही त्यांनी त्याच ठशावर घडवला. त्यामुळे गावातल्या बऱ्याच घरांत, बऱ्याच बायकांच्या गळ्यात माझी आई होती. बाजारात एखादी ओळख नसलेली बाई वाकली आणि तिच्या गळ्यातून तो टाक बाहेर लोंबला की मी तिथेच थबकून बघत राही.

अक्का त्या टाकाला भीत असे. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं. काम करताना टाकाचं तोंड छातीकडे वळलं की ती दचकून ते बाहेर फिरवायची. भाकरी थापताना पिठाच्या हातानंच फिरवायची, म्हणून दोरा कायम पांढरा. आईनं आपल्याकडे बघू नये, बाहेर बघावं, असं तिला वाटत असावं. पण बाहेर बघणारी आई मग थेट माझ्याकडे बघे. अक्काची दोन मुलं जन्मली आणि राहिली नाहीत. दुसऱ्या वेळी जीजी परसात भांडी घासता घासता म्हणाली होती, "पहिलीनं मन भरनं नही अजून." ती हळू बोलली होती, पण आमचं घर एवढंसं होतं, की त्यात हळू बोललेलंच जास्त ऐकू येई.

मी सांगते आहे तो उन्हाळा अक्काच्या तिसऱ्या खेपेचा. सातवा लागला होता. आमच्या बोळात पहिला टीव्ही आला तेच वर्ष, पण आमच्या घरातून कुणी तो बघायला जात नसे. अक्कानं काय बघावं आणि काय बघू नये याची जीजीनं मोठी व्यवस्था लावली होती. खानदेशातल्या वैशाखात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. लोक रात्रीला भितात, मी दुपारला भीत असे. सकाळी गच्चीवर ज्वारीचे बिबडे घातलेले असत. जुन्या धोतरावर ओळीनं मांडलेले पापडासारखे गोल, पातळ बिबडे वाळून कडा वळायला लागल्या की वाऱ्यानं खुळखुळत. पुढे दुकानात नानांची हातोडी, वर बिबड्यांची खुळखुळ, आणि मधल्या खोलीत ओलं फडकं कपाळावर घेऊन पडलेली अक्का. तिचं डोकं दुखत असे.

अशाच एका दुपारी धुळ्याहून मोड आली. मोड म्हणजे मोडीत निघालेली चांदी, तुटके वाळे, झिजलेली जोडवी. नानांचे चुलतभाऊ आबा धुळ्याला सराफीचं दुकान चालवत आणि साठलेली मोड गाळायला आमच्याकडे पाठवत. त्या वेळी पिशवीत बिस्किटांचा एक जुना, पोपडे निघालेला डबा होता. नानांनी तो मांडीवरच्या फडक्यावर ओतला आणि हात वर घेतला, इंगळीवर पडला असावा तसा.

डब्यात टाक होते. म्हणजे आम्हाला तरी दुसरं काय वाटणार? गोल, आमच्या टाकांएवढेच, पण कितीतरी पातळ. पुढून उठावाचे, मागून खोलगट. काहींच्या कडा चिरलेल्या, काही काळे पडलेले. पण त्यावरचे देव आमच्या ओळखीचे नव्हते. एकाच्या हातात तलवार होती आणि डोक्यावर भिंतीसारखं काहीतरी. एकावर पंख पसरलेला पक्षी. एकावर नुसतं मुंडकं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बुरूज. आणि एक बाई. कमानीखाली ताठ बसलेली, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत काठ्या की फुलं हे कळत नव्हतं. डोळे म्हणजे दोन उठलेले थेंब. ते इतके मोठे होते, की ती कुठूनही बघितली तरी बघत होती.

"कुणाचे आहेत?" मी विचारलं.

"तेच तर," नाना म्हणाले.

आमच्या घराण्यात एक नियम होता. दुसऱ्याच्या देवघरातला टाक मोडीत आला, तर देणाऱ्यानं आधी तोंडानं सांगायचं, की आम्ही याचा निरोप घेतलाय. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, हात जोडले, जा म्हणालो. ते ऐकल्याशिवाय टाक मुशीत घालायचा नाही. निरोप न घेतलेला देव गाळणं म्हणजे माणूस जिवंत जाळण्यासारखं, असं नानांचे वडील सांगत. डबा घेऊन आलेल्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. कुणा बाईनं आबांच्या दुकानात दिला, एवढंच तो सांगू शकला.

मग तो डबा ठेवायचा कुठे, इथून सुरुवात झाली. देवघरात ठेवता येईना, कारण आपल्या देवांशेजारी अनोळखी देव कसे बसवायचे. जमिनीवर ठेवता येईना, कारण देव ते देव. शेवटी मधल्या खोलीतल्या फडताळात, अक्काच्या उशापासून दोन हातांवर, तो ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी जीजी म्हणाली, घरात देव उपाशी ठेवणं बरं नाही. नाना म्हणाले, मग दाखव नैवेद्य. "काय दाखाडू?" जीजी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हाऊ तलवारवाला काय वरणभात खाई? आनि बोकड्या मांगतला तं आपन कोठेन देवो?" नाना हसले. मीही हसले. अक्का हसली नाही. तिनं फडताळाकडे पाठ केली, आणि टाकाचं तोंड फिरवायला हात गळ्याशी नेला.

पुढे ग्रंथपालाची नोकरी करताना एका जाड इंग्रजी पुस्तकात मला त्या वस्तूंची चित्रं सापडली. युरोपातली मध्ययुगातली नाणी. एकाच बाजूनं ठोकलेली, इतकी पातळ, की दोन बोटांत दाबली तर वाकतील. पुस्तकात बनवायची रीतही दिली होती. खाली ठसा, वर चांदीचा पत्रा, त्यावर शिसं किंवा चामडं, आणि हातोडी. मी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं, कारण मला नानांनी श्वास रोखलेला ऐकू आला. पण हे फार नंतरचं. त्या उन्हाळ्यात आमच्या फडताळात पैसे नव्हते, देव होते, आणि ते कुणाचे हे कुणालाच माहीत नव्हतं.

अक्काचे पाय सुजले. पहिल्यांदा चपला होईनात, मग जोडवी रुतू लागली. नानांनी तिचा पाय मांडीवर घेऊन बारीक कातरीनं जोडवी कापली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली. सवाष्णीची जोडवी कापणं तिला सोसवेना. जेवण जाईना. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हे तिचं जीव की प्राण, पण ताटाकडे बघून ती पदर नाकाला लावी. एकदा दुपारी मी तिच्याजवळ वाचत बसले होते, तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "बेबी, डोयामोरे काजवा दिसतस माले."

"दुपारचे?"

"दुपारनाच." मग फडताळाकडे बोट करून, "तठली ती बसेल बाई शे ना, ती आनि तुनी माय बोलतस. दोन्ही जनी. मी ऐकस."

मी फडताळाकडे बघितलं नाही. पुस्तकातल्या त्याच ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. दुकानात हातोडी थांबली होती. वर बिबडे खुळखुळत होते, आणि अक्कानं सांगितल्यावर मलाही ती खुळखुळ दोघींच्या बोलण्यासारखी वाटू लागली. मला तेव्हा जी भीती वाटली ती अक्काची नव्हती, माझी होती. माझी आई कुणाशी तरी बोलत होती आणि ती काय बोलत होती हे मला कळत नव्हतं.

जीजीनं निकाल दिला. ज्याचे देव त्याला शोधा, आणि निरोपाचे शब्द अक्काच्या कानावर पडू द्या. ज्याला भीती त्यानं ऐकलं पाहिजे. अक्काला बाळंतपणाला माहेरी जायचंच होतं, आणि शिंदखेड्याला जाताना वाटेत धुळं लागतंच. लग्नसराई होती, नानांना दुकान सोडता येईना. ते आम्हाला स्टँडवर सोडायला आले, खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आबांना सगळं माहीत आहे. घाबरू नका." गाडी हलली तरी ते तिथेच उभे होते, हातोडीचा हात दुसऱ्या हातात धरून. डबा माझ्या मांडीवर होता. अक्का त्याला शिवत नव्हती. एरंडोलच्या पुढे रस्ता खराब होता, आणि प्रत्येक खड्ड्याला डब्यातून बारीक आवाज येई. तो आला की अक्का माझं मनगट धरायची. कंडक्टर म्हणाला, "ताई, बिस्किटं एकटीच खाशील का?" मी डबा पदराखाली घ्यावा तसा ओढणीखाली घेतला. पारोळ्याला अक्काला ओकारी झाली.

आबा जाडजूड, मोठ्यानं बोलणारे. "नाना म्हणजे देवमाणूस," ते दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले. "अहो, बारा घरची मोड येते माझ्याकडे! मी प्रत्येकाच्या देवाला विचारत बसलो तर गिऱ्हाईक कोण बघेल?" पण अक्काचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि पोऱ्याला टांगा आणायला पिटाळलं. डबा देणाऱ्या बाईचं नाव सुमन. गावाबाहेर मिशनवाल्यांचा एक दवाखाना होता, तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथल्या बंगल्यात एक म्हातारी गोरी नर्सबाई तेवढी राहिली होती. सुमन तिचं घरकाम बघायची. आबांना एवढंच ठाऊक होतं.

बंगला म्हणजे कौलारू बैठं घर, पुढे लिंबाचं झाड. झाडाखालच्या बाजेवर सुती साडी नेसलेली, उन्हानं तांबूस पडलेली एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन डाळ निवडत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी इंग्रजी बोलायची तयारी मनातल्या मनात करत होते. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "या वं माय, बठा. उन्हामा कसाले निंघनात?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिच्या माहेरची बोली, तिच्या आईच्या तोंडची, त्या गोऱ्या तोंडातून निघाली होती. आबा टांग्याशीच थांबले. आतून सुमन पाणी घेऊन आली, आणि माझ्या हातातला डबा बघून तिचा चेहरा उतरला. आम्ही चोरीचा आळ घ्यायला आलो असं तिला वाटलं असावं. "शिष्टरबाईंनीच दिला हो," ती आधीच सांगू लागली. "माझ्या पोरीचं लग्न होतं. म्हणाल्या, दुकानात देऊन तिला जोडवी घे."

अक्का उभीच होती. तिनं लांबून डब्याकडे बोट केलं. "ह्या देव तुम्हना शेतस का?"

"देव?" म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, डबा मांडीवर घेतला आणि उघडला. मग एक पत्रा तळहातावर घेऊन म्हणाली, "देव नहीत वं बाई. पैसा शेतस. मना देशना जुना पैसा. मना आजाना वावरमा नांगरले लागनात, गाडगामा पुरेल."

आम्हाला ते पटेना. एवढा पातळ पैसा कसा असेल? तो खिशात राहील कसा? म्हातारीनं थोड्या अहिराणीत, थोड्या मराठीत समजावलं. आठशे वर्षांपूर्वी तिकडे गावागावाचा धनी वेगळा, आणि ज्याचं गाव त्याचा ठसा. ठरावीक दिवशी धनी दवंडी पिटायचा, की जुना पैसा बाद. मग सगळ्यांनी आपला पैसा आणून द्यायचा, तो गाळायचा, आणि नवा ठसा ठोकायचा. असं सारखं चालायचं. म्हणजे हे गाळण्यासाठीच केलेले होते.

"मंग ह्या कशा राहिनात?" अक्कानं विचारलं.

"कोनी तरी भिना, त्यानी पुरी ठेवात. जो नही भिना त्याना बठ्ठा गाळाई ग्यात."

अक्का पहिल्यांदा खाली बसली, बाजेच्या कोपऱ्यावर. तिनं डब्यात बघितलं आणि बोट न लावता त्या बसलेल्या बाईकडे दाखवलं. "आनि हाई कोन?"

"हाई मठनी मोठी बाई. जोगीनच समज. गाव तिन्हं, बजार तिन्हा, पैसा बी तिन्हा."

"आनि तिन्हा नवरा?"

"नवरा नव्हता."

अक्कानं गळ्यातला टाक मुठीत धरला. "सवत?"

म्हातारी हसली तेव्हा तिचे पुढचे दात नव्हते हे दिसलं. "नवराच नही, तं सवत कोठेन येई वं?" आणि अक्काही हसली. त्या उन्हाळ्यात ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग तिनं पदर सावरला आणि म्हणाली, तरी पण तोंडानं सांगा. गाळा म्हणून सांगा. म्हातारीनं का, कशाला, असं काही विचारलं नाही. तिनं डब्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आधी तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि मग आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "जा माय. जा भाऊ. आते तुम्हनं काम सरनं."

झालं, असं मला वाटलं. मी डब्याचं झाकण लावत होते. म्हातारी मात्र अक्काच्या पायांकडे बघत होती. तिनं वाकून अक्काच्या नडगीवर अंगठा ठेवला, जोरात दाबला आणि काढून घेतला. तिथे खड्डा पडला. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत राहिलो. तो भरून येईना. ठशावर पत्रा ठोकल्यावर मागून जसा खोलगा दिसतो, हुबेहूब तसा, आणि हे माझ्या अक्काचं अंग होतं.

"डोकं दुखस का? डोयामोरे काही दिसस का?"

"काजवा," मी म्हणाले, कारण अक्का बोलेना.

म्हातारी उठली. एवढ्या वयाची बाई एवढ्या झटकन उठेल असं वाटलं नव्हतं. तिनं टांग्याशी उभ्या असलेल्या आबांना हाक मारली, आणि तिचा आवाज पूर्वी दवाखान्यात कसा असेल तो त्या वेळी ऐकू आला. "शिंदखेडे नही. सरकारी दवाखाना. आत्तेच. आनि तिले बोलाडू नका."

म्हातारीही आमच्याबरोबर टांग्यात चढली. अक्काचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्याच्या दारात तिला पहिली आकडी आली. मी आकडी कधी बघितली नव्हती. तिचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज अजून माझ्या कानांत आहे, आणि तो नेमका कसा होता हे मी लिहिणार नाही. तिला आत नेलं. आत नेताना एका नर्सनं तिच्या गळ्यातला दोरा काढून माझ्या हातात दिला. माझ्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात आई.

व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि कुणाच्या तरी डब्यातल्या शेवभाजीचा. आबा फोन करायला गेले. आमच्या बोळातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथून नानांना निरोप मिळणार होता. शिष्टरबाई माझ्याशेजारी बाकावर बसली. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं, आणि मला एकच दिसत होतं. अक्का गेली तर नाना ठसा काढतील. तोच ठसा, पदर घेतलेल्या बाईचा. पट्टी तापवतील, श्वास रोखतील, आणि तिसरी कुणीतरी येईल आणि तिच्या गळ्यात दोन सारख्या बाया लोंबतील. एक माझी आई, एक अक्का, आणि कुठली कोण हे कुणाला सांगता येणार नाही. ती तिसरी त्यांची तोंडं बाहेर फिरवील आणि त्या दोघी माझ्याकडे बघतील.

"तुले कसानं भेव वाटस?" म्हातारीनं विचारलं.

मी हे सगळं तिला सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. मी घरी कुणाशी एवढं बोलत नसे. ती काही होणार नाही म्हणाली नाही. देवाचं नावही तिनं घेतलं नाही. माझ्या मुठीतला टाक तिनं बघायला मागितला, उलटसुलट केला, आणि परत देताना म्हणाली, "माले बी भेव वाटी राहिनं." मग तिनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी भीत बसलो.

दिवे लागायच्या वेळेला आतून रडण्याचा आवाज आला. मांजराच्या पिलाचा असावा इतका बारीक. तो मंदाचा, माझ्या बहिणीचा. एवढीशी होती, कापसात गुंडाळलेली, नखंही धड आलेली नव्हती. अक्का वाचली की नाही हे कळायला त्यानंतरही बराच वेळ लागला, आणि त्या वेळात नाना आले. त्यांच्या अंगावर दुकानातलाच सदरा होता, बाहीवर राखेचे डाग. माझ्या मुठीतून दोरा लोंबताना त्यांना दिसला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनाही तोच ठसा दिसला असणार. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, शुद्धीवर येतेय, सारखी बेबी बेबी करते आहे, बेबी कोण, तेव्हा नानांनी माझं डोकं आपल्या छातीशी एवढ्या जोरात दाबलं, की त्यांच्या सदऱ्याची गुंडी माझ्या कपाळावर उमटली.

घरी परतल्यावर नानांनी भट्टी पेटवली. निरोप घेतला गेला होता, हरकत नव्हती. तलवारवाला, पक्षी, बुरूज एकेक करून मुशीत गेले. इतके पातळ, की आच लागताच कडा मिटून घेत आणि थेंब होत. बसलेली बाई उरली तेव्हा अक्का दारात येऊन उभी राहिली. मंदा तिच्या खांद्यावर होती.

"ती नका गाळू," ती म्हणाली. "ती माले द्या."

"काय करशील?" नानांनी विचारलं.

अक्कानं गळ्यातल्या टाकाला हात लावला. "आम्हना दोन्हीसना मधमा बसी ती. तिन्हं कोनाशी काही वाकडं नही."

जीजी आतून म्हणाली, "एक होती ती कमी पडनी व्हती का?" नानांनी त्या बाईच्या पोकळीत लाख भरली, तांब्याची पाठ लावली, आणि दोन्हींना एकसारखी कडी केली. एकीला चांगली, एकीला साधी असं नको म्हणाले. त्या दिवसापासून अक्काच्या गळ्यात दोघी. नव्या लुगड्याचा पदर दोघींना लागे, पहिला घास दोघींना दाखवला जाई. भीती गेली असं मी म्हणणार नाही. मंदाला ताप आला की अक्काचा हात गळ्याशी जाईच. पण टाक छातीकडे वळला तरी आता ती दचकत नसे. शिष्टरबाई त्यानंतर दोनच हिवाळे जगली. ती गेली तेव्हा सुमननं आबांकडे निरोप पाठवला होता, आणि अक्का धुळ्याला जाऊन आली.

मी हे लिहिते आहे ते अक्काच्या खोलीत बसून. तिची काठी अजून दाराशी आहे, ती हलवायला माझा हात होत नाही. शेवटची अंघोळ घालताना बायका म्हणाल्या, गळ्यातलं काढा, धातू जाळायचा नसतो. मी दोरा कापला. उजेडात बघितलं तर दोन्ही चकत्या कोऱ्या. एवढ्या वर्षांचा घाम, साबण, पीठ आणि तिची बोटं. पदर गेला होता, कमान गेली होती, ठिपक्याचं नाक आणि थेंबांचे डोळे गेले होते. मागे तेच तांबं, तीच कडी. मंदा माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "ताई, यातली तुझी आई कुठली?"

मला सांगता आलं नाही. नाना नाहीत, ठसा कुणाकडे गेला माहीत नाही, आणि अक्कानंतर त्या घरात कुणी येणार नव्हती, म्हणून अक्काचा टाक कुणी करणारच नव्हतं. मी दोरा बदलला आणि दोन्ही गळ्यात घातल्या. एक आई असेल, तर दुसरीला मी अक्का मानलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला ज्याची भीती वाटली होती, ते हेच. लिहिताना वाकलं की त्या टेबलाच्या कडेला लागून वाजतात. कधी आत वळतात, कधी बाहेर. मी फिरवत नाही. फिरवायला तोंडच उरलेलं नाही.